ॲव्होकॅडो खावा का? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डाळिंब, पेरू, पपई, उन्हाळ्यात कलिंगड, एवढ्यावर आपलं भागत होतं. आता सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूरच्या फळांच्या दुकानांत ड्रॅगन फ्रूटच्या शेजारी फोमच्या जाळीत हे काळपट-हिरवं फळ मांडलेलं दिसतं. आहाराचा सल्ला घ्यायला येणारे लोक मोबाईलमधला एखादा व्हिडिओ दाखवून विचारतात, "हे खाल्लं की खरंच एवढं होतंय का ओ?" तीच उत्तरं इथं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. ज्यांना आजार आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा धरावा.

हे फळच आहे का? गोड तर अजिबात लागत नाही.

फळच आहे. दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भारतात कुर्ग, वायनाड, निलगिरीच्या डोंगराळ भागात ते बऱ्याच वर्षांपासून होतं. कर्नाटकात सोयरीक असलेल्यांना ते बटर फ्रूट म्हणून माहीत असेल.

दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात. मोठा, गुळगुळीत, पिकला तरी हिरवाच राहणारा तो बहुतेक दक्षिणेतला. लहान, खरबरीत सालीचा, पिकताना काळा पडणारा तो हास. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या जागेत ही जात निघाली आणि त्याने १९३५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हास जास्त तेलकट आणि मऊसूत असतो, हिरव्यात पाण्याचा अंश जास्त. तब्येतीच्या हिशेबाने दोन्ही चांगले. खिशाच्या हिशेबाने हिरवा बरा.

त्यात नेमकं असतं काय?

१०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश, जवळपास ७ ग्रॅम तंतू, २ ग्रॅम प्रथिनं. साखर १ ग्रॅमसुद्धा नाही. पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या केळ्यापेक्षा जास्त (केळ्यात ३६०च्या आसपास). फोलेट (गोळीतल्या फॉलिक ॲसिडचं अन्नातलं रूप) ८१ मायक्रोग्रॅम, शिवाय ई आणि के जीवनसत्त्वं. कोलेस्टेरॉल शून्य. पण ते कुठल्याच फळात नसतं, त्यामुळे पाकिटावर तसं ठळक छापलं असेल तर भुलू नका.

१५ ग्रॅममधले जवळपास १० ग्रॅम मोनोअनसॅच्युरेटेड प्रकारचे असतात. शेंगदाणा तेलात आणि ऑलिव्ह तेलातही हाच प्रकार भरपूर असतो. लोणी, तूप, वनस्पती तुपातला स्निग्धांश तो वेगळा.

हृदयाला चांगलं म्हणतात. त्याला काही पुरावा आहे की नुसती जाहिरात?

पुरावा आहे, पण तो नीट वाचायला हवा.

२०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचारी अशा सुमारे १ लाख १० हजार लोकांच्या खाण्याची नोंद त्यांनी ३० वर्षं ठेवली होती. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा अर्धं-अर्धं फळ खाणाऱ्यांमध्ये, न खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार १६ टक्के आणि हृदयाच्या धमन्यांचे आजार २१ टक्के कमी आढळले. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ॲव्होकॅडो खाणारे लोक एरवीही भाजीपाला जास्त खातात, व्यायाम करतात. संशोधकांनी आकडेमोडीत त्याचा हिशेब धरला, तरी या सवयींचा परिणाम सगळा निघून जात नाही.

दुसरे अभ्यास प्रत्यक्ष खायला घालून केलेले आहेत. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत वजन जास्त असलेल्या ४५ जणांना सगळं जेवण मोजून दिलं. रोज एक ॲव्होकॅडो असलेल्या आहारात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साडेतेरा अंकांनी उतरलं. तितकाच आणि तसाच स्निग्धांश तेलातून दिला तेव्हा ते आठ अंकांच्या आसपास उतरलं. म्हणजे तेलापलीकडेही या फळात काहीतरी आहे, बहुधा तंतू आणि वनस्पतिज स्टेरॉल. मग २०२२ मध्ये पोट सुटलेल्या सुमारे १००० लोकांवर मोठी चाचणी झाली: निम्म्यांनी नेहमीच्या जेवणात रोज एक ॲव्होकॅडो घालायचा, सहा महिने. एमआरआय काढून पाहिलं तर पोटातली चरबी जशीच्या तशी. एलडीएल जेमतेम दोन-अडीच अंकांनी खाली.

एवढा फरक का? माझ्या मते उत्तर सरळ आहे. पहिल्या वेळी जेवणातलं वाईट काढून त्या जागी ॲव्होकॅडो आला होता, दुसऱ्या वेळी आहे त्यावर तो चढवला होता. या दोन्ही चाचण्यांना हास ॲव्होकॅडोच्या व्यापारी मंडळाचा पैसा होता. त्यामुळे मला दुसऱ्या चाचणीचा "काही फारसं झालं नाही" हा निकाल जास्त खरा वाटतो.

म्हणजे आम्ही काय काढून त्या जागी तो खायचा?

इथंच सोलापूरचं जेवण वेगळं पडतं. अमेरिकेत तो लोणी, चीज, प्रक्रिया केलेल्या मांसाच्या जागी येतो. तुमच्या घरी मुलांच्या सँडविचमध्ये बटर, चीज, मेयोनीज जात असेल, तर त्याऐवजी ॲव्होकॅडो थापा, फायदाच आहे. संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, भजी असतील, तर त्या जागीही चालेल.

पण ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एखादी पालेभाजी, दही असं जेवणाऱ्या मावशींनी काय काढायचं? काहीच नाही. त्यांना ॲव्होकॅडोची गरज नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगते.

मग शेंगाचटणी चांगली की ॲव्होकॅडो?

कॅलरीच्या मापाने बघू. ३० ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे एक मूठ, यात सुमारे १७० कॅलरी. तेवढ्याच कॅलरीला साधारण १०० ग्रॅम ॲव्होकॅडो येतो. मुठीतल्या शेंगदाण्यांत साडेसात ग्रॅम प्रथिनं, ॲव्होकॅडोत २. तंतूंच्या बाबतीत उलटं: शेंगदाण्यात अडीच ग्रॅम, ॲव्होकॅडोत जवळपास ७. पोटॅशियमही ॲव्होकॅडोत दुपटीहून जास्त. स्निग्धांशाची जात दोघांची बरीच जवळची. आणि एका आयात ॲव्होकॅडोच्या पैशात बहुतेक वेळा अर्धा किलो शेंगदाणे येतात.

एक गोष्ट मात्र चटणीच्या विरोधात जाते, ती म्हणजे मीठ. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं उखळात कुटून तेल सुटायला लागलं की चटणी बोटाला चिकटते, आणि मग चव आणायला मीठ सढळ हाताने पडतं. विकतच्या पाकिटात तर टिकाऊपणासाठी आणखी. दिवसभराचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चटणी, लोणचं, पापड, वर ताकात चिमूटभर असं चालू असेल तर ते माप दुपारीच संपतं. घरी कुटताना मीठ निम्मं करा, लसूण थोडा वाढवा. चार दिवसांत जिभेला सवय होते.

शुगर आहे. चालेल का?

चालेल. साखर जवळजवळ नाही, तंतू भरपूर, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उसळत नाही. भात-भाकरी थोडी कमी करून अर्धा ॲव्होकॅडो घेतला तर पोट भरलेलं राहतं.

चालत नाही तो ज्यूस सेंटरवरचा ॲव्होकॅडो शेक. एकदा काउंटरजवळ उभं राहून बघा. फळाच्या दोन फोडी, त्यावर तीन-चार मोठे चमचे साखर, सायीचं दूध, वर व्हॅनिलाचा गोळा, काही ठिकाणी मधाची धार आणि काजूचे तुकडे. हिरवा रंग बघून माणूस "हेल्दी" म्हणून पितो. ग्लासात जे गेलं ते आइस्क्रीमच. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तिकडे वळूच नये.

वजन कमी होतं का?

नुसता ॲव्होकॅडो खाऊन नाही. वर सांगितलेल्या १००० लोकांच्या चाचणीत वजन वाढलंही नाही आणि घटलंही नाही. मध्यम हासच्या गरात सव्वादोनशे कॅलरी असतात, दक्षिणेतलं मोठं फळ त्याच्या दुप्पटही भरेल. ५० ग्रॅम खाल्ला तर दीड चमचा तेल पोटात गेलं असं धरा आणि तेवढं फोडणीतून काढा.

बीपीला उपयोग होतो का? किडनीचा त्रास असेल तर?

पोटॅशियम मिठाच्या परिणामाला थोडा उतार देतं, म्हणून बीपी असलेल्यांना पोटॅशियम असलेली फळं-भाज्या सांगतात. त्यात ॲव्होकॅडो बसतो. केळी, शहाळं, पालक, डाळीही बसतात, त्यामुळे तो एकटाच हवा असं नाही.

मूत्रपिंडाचं काम कमी झालेल्यांनी मात्र थांबावं. शरीराबाहेर न पडलेलं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर जातं. डायलिसिसवर असलेल्यांनी, डॉक्टरांनी "पोटॅशियम जपा" सांगितलेल्यांनी हे फळ विचारल्याशिवाय खाऊ नये. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. गोळी चालू आणि किडनीचा रिपोर्टही जरा वर, असं असेल तर रोजचा ॲव्होकॅडो सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन तर आपल्याकडे घराघरात आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी कुणी जपून खावा?

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी. यात के जीवनसत्त्व फार नाही, तरी ॲव्होकॅडोने या गोळ्यांचा असर कमी झाल्याच्या नोंदी आहेत. एक दिवस भरपूर आणि मग महिनाभर काही नाही, असं करू नका. खायचाच तर थोडा, ठरावीक, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासताना डॉक्टरांच्या कानावर घाला.

रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांच्यापैकी काहींना ॲव्होकॅडो, केळी, किवी यांचीही ॲलर्जी असते. ओठ-जीभ खाजली, घसा आवळल्यासारखा वाटला तर खाणं बंद करून लगेच दवाखाना गाठा. आणि ज्यांचं पोट सदा बिघडलेलं असतं, त्यांना जास्त खाल्ला तर गॅस धरतो.

गरोदर बाईने खावा का? बाळाला कधी द्यायचा?

खावा, फोलेट चांगलं आहे. फक्त "ॲव्होकॅडो खातेय, मग गोळ्या कशाला" हे डोक्यातून काढा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १०० ग्रॅम ॲव्होकॅडोत लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. तुलनाच नको.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की पिकलेला गर चमच्याने मऊ कुस्करून द्यायला हरकत नाही. मीठ-साखर घालू नका. मात्र वरण-भात, नाचणीची खीर, केळं यांना मागे सारून तो देण्यासारखं त्यात काही नाही. आजी म्हणतात ते ऐका, त्या बरोबर असतात.

कोशिंबिरीत घातला तर खरंच जास्त पोषण मिळतं?

हो, आणि मला या फळाचा हाच गुण सगळ्यात आवडतो. गाजर, टोमॅटो, पालकातली रंगद्रव्यं स्निग्धांशाशिवाय शरीरात नीट शोषली जात नाहीत. २००५ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात कच्च्या भाज्यांच्या सॅलडमध्ये १५० ग्रॅम ॲव्होकॅडो घातल्यावर बीटा कॅरोटिन पंधरा पटीने आणि ल्युटिन पाच पटीने जास्त शोषलं गेलं. डोळ्यांना लागतात ती हीच द्रव्यं.

गंमत अशी, की हे काम स्निग्धांशाचं आहे. आपण गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतो, वर हिंग-मोहरीची फोडणी देतो, तिथं तेच साधतं. डाएटच्या नावाखाली कूट आणि फोडणी काढून कोरडी काकडी-गाजरं चावणाऱ्यांनी तेवढं परत सुरू करावं.

खायचा कसा? नुसता खाल्ला तर साबण चावल्यासारखा लागतो.

कच्चा कापला असणार. पिकलेल्या फळाचा गर घ्या, त्यात बारीक कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू. काट्याने जाडसर कुस्करा, अगदी पेस्ट नको. मेक्सिकोत हे मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांबरोबर खातात. आपल्याकडे कडक भाकरी आहेच. पातळ, खुटखुटीत भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यावर हे घ्यायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर विचारूच नका. तळलेल्या नाचोजपेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि ज्वारीचे तंतू वर मिळतात.

दह्यात कालवून, जिरेपूड घालूनही छान लागतो. शिजवायच्या भानगडीत पडू नका, जास्त वेळ आचेवर कडवट होतो.

एकादशीला चालतो का?

फळ आहे, चालायला काय हरकत. तरी घरातल्या मोठ्यांना विचारा, तो प्रांत माझा नाही. आहाराच्या बाजूने सांगायचं तर साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, वर शेंगदाण्याचा लाडू अशा उपवासापेक्षा थोडी भगर आणि दह्यातला ॲव्होकॅडो कितीतरी हलका.

दगडासारखा आणला, पिकतच नाही. आणि पिकला तर आतून काळा.

ॲव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. आंब्याची अढी लावतो तेच इथं. कागदी पिशवीत एक पिकलं केळं घालून ठेवलं तर तीन-चार दिवसांत मऊ होतो. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून बघा, किंचित दबला की तयार. फळवाल्याकडे मात्र दहा फळं दाबत बसू नका, तुमच्या अंगठ्याचा डाग पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो.

आतून काळा पडण्याचं मोठं कारण आपलं हवामान. ३० अंशांच्या वर तो नीट पिकत नाही, एका बाजूने सडतो आणि दुसरीकडे कडकच राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा ओट्यावर ठेवून काय होणार? घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, मऊ झाला की फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. कच्चा फ्रिजमध्ये घालू नका, तो मग पिकायचं विसरतो. मायक्रोवेव्हमध्ये तो मऊ होतो, पिकत नाही. खरं सांगायचं तर सोलापुरात हे फळ खायचे दिवस दिवाळी ते जानेवारीतली गड्ड्याची जत्रा.

कापल्यावर वरचा थर तपकिरी होतो तो हवेने. लिंबू चोळा, डब्यात घट्ट झाका. तपकिरी थर अपायकारक नाही, चमच्याने काढून टाकला तरी चालतं. वास आंबट, खवट आला तर मात्र अख्खं फेका. पाण्यात बुडवून ताजा ठेवायचा व्हिडिओ फिरतो, तो करू नका. सालीवरचे जंतू पाण्यात वाढतात, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल इशाराही दिला आहे. साल खायची नसली तरी कापण्याआधी धुवायची, कारण सुरीबरोबर सालीवरचं सगळं आत जातं.

ॲव्होकॅडो तेल स्वयंपाकाला घ्यावं का?

नको. वाईट नाही, पण किंमत बघा. शिवाय २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने तिथल्या बाजारातले २२ नमुने तपासले, त्यातले ८२ टक्के एकतर मुदतीआधीच खवट झालेले होते किंवा त्यात दुसरं तेल मिसळलेलं होतं. काहींत तर जवळजवळ निव्वळ सोयाबीन तेल. आपल्या भागात करडई पिकते, शेंगदाणा पिकतो. डोळ्यांसमोर घाण्यावर काढून घेतलेलं तेल, तेही माफक, यात तुमचं काही अडत नाही.

केसांना, चेहऱ्याला लावला तर?

तेलकट गर आहे, थोडा वेळ मऊ वाटेल. एवढ्या महागाचं फळ डोक्यावर थापण्यापेक्षा खा.

बी दळून खातात म्हणे. आणि साल शेळीला टाकली तर?

बी खाऊ नका. त्यात अमुक आहे, तमुक आहे असं सांगतात, पण माणसाने ती खाणं सुरक्षित आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. कुंडीत लावा, रोप छान येतं. फळाची आशा धरू नका. बियांपासूनचं झाड फळाला यायला बरीच वर्षं घेतं, वर आपलं ऊन आणि पाणी धरणारी काळी जमीन त्याला मानवत नाही.

जनावरांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. ॲव्होकॅडोच्या पानांत, सालीत, बियांत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला गरातून त्याचा त्रास होत नाही, पण शेळ्या, गाई, घोडे, ससे आणि विशेषतः पक्ष्यांना ते विषारी ठरतं. पिंजऱ्यातल्या पोपटाला लाडाने फोड देऊ नका, गरसुद्धा नाही. साली आणि बिया उघड्या उकिरड्यावर न टाकता ओल्या कचऱ्यात बांधून घंटागाडीत द्या. शेळीने पाला किंवा साली खाल्ल्या, कास सुजली, दूध आटलं किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते आधी सांगा.